नञ् तत्पुरुषातली मैदाने

३१ जुलै १९४८ रोजी स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. लंडनच्या ऑलिंपिकमध्ये, फ्रान्सविरुद्ध. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. काहींनी पायांना पट्ट्या तेवढ्या गुंडाळल्या होत्या. कर्णधार तालिमेरेन आओ हा नागा टेकड्यांतून आलेला वैद्यकाचा विद्यार्थी. सारंगपाणी रामनने बरोबरी साधून दिली, पण दोन पेनल्टी वाया गेल्या आणि अगदी अखेरच्या क्षणांत फ्रान्सने दुसरा गोल केला. दोनास एक अशा या पराभवाची गोष्ट आपल्याकडे पुष्कळदा सांगितली गेली आहे. आणि सांगणाऱ्यांचे सगळे लक्ष, साहजिकच, त्या अनवाणी पायांकडे राहिले आहे.

ते पाय ज्या गवतावर धावले त्या गवताविषयी मात्र सहसा कोणी विचारीत नाही. सामना वेम्ब्लीवर झाला नव्हता. तो झाला पूर्व लंडनमधल्या इलफर्ड या उपनगरात. मैदान कोणते, याविषयी पाठभेद आहे. भारतीय वृत्तपत्रांत आणि संकेतस्थळांवर ‘क्रिकलफील्ड’ हे नाव वारंवार आढळते. इंग्लंडमधल्या छोट्या मैदानांचा इतिहास लिहिणारे ‘लिन रोड’ असे नाव देतात. इलफर्ड क्लबचे घर १९०४ पासून १९७७ पर्यंत लिन रोडवर होते. पुढे ते विकले गेले आणि मैदान पुसले गेले. त्याच नावाने नंतर पुन्हा उभा राहिलेला क्लब क्रिकलफील्डवर खेळत आला आहे. हस्तलिखितांच्या परंपरेशी ज्यांचा परिचय आहे त्यांना असा पाठभेद कसा शिरू शकतो हे सांगावे लागणार नाही. मूळ प्रत नाहीशी झाली की तिच्या अंगावरच्या गोष्टी जवळच्या, अजून हाताशी असलेल्या प्रतीच्या नावावर चढू लागतात. नकलनवीस प्रामाणिक असला तरी हे घडते.

या लेखाचा विषय आहे अशा पुसल्या जाणाऱ्या मैदानांमागून हिंडणारा एक विलक्षण प्रेक्षकवर्ग. इंग्लंडात त्यांना ‘ग्राउंडहॉपर’ म्हणतात. आपण ‘मैदान-भटके’ म्हणू या. त्यांची चेष्टा पुष्कळ होते. रेल्वेइंजिनांचे क्रमांक वहीत टिपणाऱ्यांच्या पंगतीत त्यांना बसवले जाते. माझ्या मते ते पाठचिकित्सेच्या अधिक जवळचे काम करीत आले आहेत, आणि तेही कोणी सांगितलेले नसताना.

त्यांचे क्षेत्र ‘नॉन-लीग’. या शब्दाकडे व्याकरणाच्या अंगाने पाहण्याजोगे आहे. हा उघड उघड नञ् तत्पुरुष आहे: जे लीग नव्हे ते. १८८८ मध्ये बारा क्लबांनी एकत्र येऊन फुटबॉल लीग स्थापन केली. वाढत वाढत तिचे चार विभाग आणि ब्याण्णव क्लब झाले. उरलेले हजारो क्लब, त्यांचे खेळाडू, त्यांची मैदाने, हे सगळे एका नकारार्थी उपसर्गाखाली गेले. वस्तुतः त्यांतले कित्येक क्लब लीगहून जुने आहेत. शेफिल्ड क्लब १८५७ चा; फुटबॉल असोसिएशन ही नियामक संस्थाच मुळी १८६३ ची. शेफिल्डजवळच्या सँडिगेट मैदानावर २६ डिसेंबर १८६० रोजी हॅलम आणि शेफिल्ड हे दोन क्लब एकमेकांशी खेळले. जगातले सर्वांत जुने फुटबॉल मैदान म्हणून त्याची नोंद आहे, आणि त्याचा उतार आजही नजरेत भरतो. म्हणजे मुळात जे आधी होते त्याला नंतर आलेल्याने ‘अ-’ लावला. वाङ्मयेतिहासात अशी उदाहरणे शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

लीगच्या दाराला उंबरठा होता आणि तो फार उंच होता. तळाचे क्लब दरवर्षी मतदानाने पुन्हा निवडले जात. मत देणारे त्यांचेच सोबती, त्यामुळे बाहेरच्याला आत येणे क्वचितच साधे. खेळून, जिंकून आपोआप आत येण्याची सोय १९८७ मध्ये झाली; त्या वाटेने पहिला आत गेला तो स्कारबरो. हाच स्कारबरो पुढे २००७ मध्ये कर्जापायी बंद पडला.

पण उंबरठ्याबाहेर सगळे आत येण्यासाठी ताटकळत होते असे मानणे चूक ठरेल. बाहेर एक वेगळीच नीती नांदत होती: हौशी खेळाची. १९०५ मध्ये सुरू झालेल्या इस्थमियन लीगचे ब्रीद लॅटिन होते, आणि त्याचा अर्थ ‘मान पुरेसा आहे’ असा. विजेत्याला चषक नाही, पदक नाही. या लीगच्या संस्थापक क्लबांत इलफर्ड होता. हौशी चषकाची स्पर्धा १८९३-९४ च्या हंगामात सुरू झाली. इलफर्डने तो चषक १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे लागोपाठ जिंकला. शेजारच्या लेटनस्टोनने १९४७ व १९४८ मध्ये तेच केले. त्याच पट्ट्यातल्या वॉल्थमस्टो अॅव्हेन्यूने १९५२ मध्ये अंतिम सामन्यात लेटनला हरवले, तेव्हा वेम्ब्लीवर एक लाख माणसे होती. एकमेकांच्या हाकेच्या अंतरावरची दोन उपनगरे, मैदानावर पगार न घेणारे बावीस जण, आणि एक लाख प्रेक्षक! (कोल्हापुरात तालमींचे सामने पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) पुढच्याच वर्षी वॉल्थमस्टो अॅव्हेन्यूने ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन मँचेस्टर युनायटेडला १-१ असे रोखले, फेरसामन्यात ते ५-२ हरले. १९५४ मध्ये उत्तरेकडच्या क्रूक टाउन आणि बिशप ऑकलंड या दोन गावांचा अंतिम सामना तीनदा खेळवावा लागला. त्यातही वेम्ब्लीचा सामना एक लाखांच्या समोरचा होता.

या नीतीत ढोंग नव्हते असे नाही. हौशी म्हणवणाऱ्यांना बुटात नोटा घालून पैसे दिले जात, हे उघड गुपित होते. शेवटी १९७४ मध्ये असोसिएशनने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच रद्द केला, आणि हौशी चषकही संपला. त्याच्या अखेरच्या अंतिम सामन्यात बिशप्स स्टॉर्टफर्डकडून ४-१ असा हरलेला संघ कोणता होता? इलफर्ड. तीन वर्षांनी लिन रोड विकले गेले.

योगायोग म्हणून हे सोडून देता येईल, पण मला त्यात कार्यकारणाचा एक ओळखीचा क्रम दिसतो. दूरचित्रवाणी घरोघर आल्यावर शनिवारचा प्रेक्षक आटला. हौशी चषकाचे वलय गेले. क्लबपाशी उरली जमीन, आणि ती लंडनमधली जमीन. इलफर्ड १९७९ मध्ये लेटनस्टोनमध्ये विलीन झाला. दोघांचा मिळून झालेला क्लब १९८८ मध्ये वॉल्थमस्टो अॅव्हेन्यूशी जोडला गेला, त्याचे रेडब्रिज फॉरेस्ट झाले, आणि १९९२ मध्ये ते डॅगनमला मिळून ‘डॅगनम अँड रेडब्रिज’ हा क्लब तयार झाला. चार क्लब, चार मैदाने. अखेर डॅगनमचे व्हिक्टोरिया रोड तेवढे राहिले. लिन रोड, लेटनस्टोनचे ग्रॅनली रोड, वॉल्थमस्टोचे ग्रीन पाँड रोड ही नावे आता फक्त कागदावर आहेत. त्यांतल्या ग्रीन पाँड रोडवरही १९४८ चे ऑलिंपिक फुटबॉल झाले होते.

कागदावर, म्हणजे कोणाच्या कागदावर? इथे मैदान-भटक्या पुढे येतो. लीगच्या सर्व ब्याण्णव मैदानांवर सामना पाहिलेल्यांचा एक क्लब १९७८ मध्ये निघाला. पण ब्याण्णव ही संपणारी संख्या आहे, आणि ती संपल्यावर माणसे खाली, नॉन-लीगकडे उतरली. नियम ज्याचे त्याने ठरवायचे, पण ते कडक. सामना पूर्ण नव्वद मिनिटे पाहिलाच पाहिजे. नुसते कुंपणावरून डोकावणे मोजायचे नाही. काहीजण गोल झाला नाही तर मैदान धरीत नाहीत. काहींना छापील पुस्तिका हाती आल्याशिवाय भेट पुरी झालीसे वाटत नाही. क्लब नव्या जागी गेला तर ते नवे मैदान. जुने वहीत स्वतंत्र राहते. हे सारे बालिश वाटेल. परंतु पुराव्याचे नियम याहून वेगळे काय असतात? स्वतः पाहिले पाहिजे, पूर्ण पाहिले पाहिजे, दिनांक हवा, लिखित साधन हवे, आणि दोन प्रतींची सरमिसळ होता कामा नये.

भटक्याचा शनिवार साधारण ठरलेला असतो. तीनच्या सामन्यासाठी सकाळची गाडी. स्टेशनापासून घरांच्या रांगांमागून वाट. भिंतीत एक अरुंद लोखंडी फिरते फाटक, आत पैसे घेणारा बहुधा समितीचाच कोणी. मग सामना सुरू होण्याआधी मैदानाला एक पूर्ण प्रदक्षिणा: लाकडी स्टँड कोणत्या बाजूला, पायऱ्या किती, कठड्याचा रंग कोणता, चहाची खिडकी कुठे. मध्यंतरात घरचे पाठीराखे आपला संघ ज्या गोलाकडे चढाई करणार त्या टोकाला चालत जातात. हे फक्त छोट्या मैदानावरच शक्य असते. मोठ्या मैदानांवर प्रेक्षकाला क्रमांकाची खुर्ची मिळाली आणि त्याचे चालणे संपले.

खुर्चीचा हा प्रश्न नाजूक आहे. मैदान-भटक्यांच्या लेखनात जुन्या लाकडी स्टँडविषयी आणि उभे राहण्याच्या पायऱ्यांविषयी जो उमाळा दाटून येतो, तो वाचताना मी दर वेळी थोडा सावध होतो. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डचा जुना लाकडी स्टँड पेटला आणि ५६ माणसे गेली. १९८९ मध्ये हिल्सबरोच्या पायऱ्यांवरच्या कोंडीने ९७ बळी घेतले. १९८७ च्या कायद्याने पाचशे किंवा अधिक प्रेक्षकांच्या आच्छादित स्टँडला सुरक्षेचे प्रमाणपत्र आवश्यक केले, आणि १९९० च्या टेलर अहवालानंतर वरच्या दोन विभागांत सर्वांना खुर्च्या आल्या. छोट्या क्लबांना हा खर्च पेलेना, म्हणून काहींनी स्टँड बंद केले, काहींनी पाडले. हळहळ खरी आहे. पण ज्या लाकडाविषयी ती आहे ते लाकूड जळत होते, हेही खरे आहे. सायमन इंग्लिस यांचे लीगच्या मैदानांवरचे मोठे पुस्तक १९८३ चे, म्हणजे आगीच्या दोन वर्षे आधीचे. केरी मिलर यांचा नॉन-लीग मैदानांचा इतिहास १९९६ चा. या तेरा वर्षांत वर्णनाचा विषयच बदलून गेला होता, आणि दुसरे पुस्तक बऱ्याच अंशी मृतांची यादी होऊन बसले.

यादीची दुसरी एक मर्यादा मला अधिक खुपते. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर या कारखान्याच्या बायकांच्या संघाचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले. त्याच्या पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, असोसिएशनने आपल्याशी संलग्न क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांच्या सामन्यांना बंदी केली. ती जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. स्त्रियांचा खेळ रग्बीच्या मैदानांवर, सार्वजनिक बागांत गेला. तिथे फिरते फाटक नव्हते, कठडा नव्हता. भटक्याच्या वहीत मैदान ठरण्यासाठी जे लागते त्यांतले काहीच नव्हते. पुराव्याचे नियम जितके कडक, तितके कोणाला तरी बाहेर ठेवतात. नॉन-लीगवाल्यांनी लीगच्या ‘अ-’ विरुद्ध तक्रार करावी आणि त्यांच्या वहीतही एक न लिहिलेला ‘अ-’ असावा, असे हे आहे.

इलफर्डहून पश्चिमेला थोडे आले की फॉरेस्ट गेटमध्ये ओल्ड स्पॉटेड डॉग हे मैदान लागते. इस्थमियनचा आणखी एक संस्थापक, क्लॅप्टन, तिथे १८८८ पासून खेळत होता. इंग्लंडच्या पहिल्या काही कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटूंपैकी एक, वॉल्टर टल, १९०८ मध्ये याच क्लबातून पुढे आला. व्यवस्थापनाशी न जमल्याने पाठीराख्यांनी २०१८ मध्ये क्लॅप्टन कम्युनिटी हा आपला वेगळा क्लब काढला, आणि २०२० मध्ये त्यांनी ती जमीनच विकत घेतली. इलफर्डच्या पाठीराख्यांना १९७७ मध्ये असे काही करता आले नव्हते.

डॅगनम अँड रेडब्रिज २००७ मध्ये लीगमध्ये गेला आणि २०१६ मध्ये परत नॉन-लीगमध्ये आला. ‘रेडब्रिज’ हे १९६५ मध्ये इलफर्ड आणि शेजारची उपनगरे मिळून झालेल्या पालिकाक्षेत्राचे नाव. भारतीय संघ ज्या क्लबाच्या गावी खेळला त्या क्लबाचा धागा व्हिक्टोरिया रोडपर्यंत पोचतो तो एवढ्याच नावाने. ‘इलफर्ड’ हा शब्द त्यात कुठे नाही.