बाळू पालवणकर: इंग्लंडमध्ये ११४ विकेट घेणारा गोलंदाज हिंदू संघाचा कर्णधार का झाला नाही?

१९११ साली पटियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली एक भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. भारताची पहिली कसोटी अजून २१ वर्षं दूर होती. संघ बहुतेक सामने हरला, पण डावखुऱ्या फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर यांनी दौऱ्यात एकूण ११४ विकेट घेतल्या. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध तर एकाच डावात आठ.

सुरुवात कशी झाली?

धारवाडला जन्मलेले बाळू चर्मकार समाजातले. वडील लष्करात नोकरीला असल्यामुळे बालपण पुण्यात गेलं. पुण्यातल्या पारशी क्लबमध्ये खेळपट्टी झाडणं आणि रोलर फिरवणं हे त्यांचं पहिलं काम. पगार महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये चार रुपये मिळू लागले. तिथे ते साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करत. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नामवंत फलंदाज. आपल्याला बाद केलं की ते बाळूंना आठ आणे द्यायचे, असं सांगतात. फलंदाजी मात्र बाळूंना कधीच करू दिली नाही. चेंडू टाकणं हे नोकराचं काम आणि बॅट साहेबांची, असा तो हिशेब होता.

संघात घेतलं, पंगतीत नाही

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचं होतं, म्हणून बाळूंना संघात घेतलं गेलं. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या कपात चहा मिळे. जेवणही वेगळं.

नंतर ते मुंबईला आले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्या संघात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघंही होते.

कर्णधारपदाचं काय झालं?

संघातले सर्वात यशस्वी गोलंदाज असूनही बाळूंना कर्णधारपद मिळालं नाही. १९२० मध्ये या भेदभावाच्या निषेधार्थ विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे भाऊ संघातून बाहेर पडले. त्यानंतर बाळूंना उपकर्णधार करण्यात आलं. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. बाळूंना जे मिळालं नाही, ते धाकट्या भावाला मिळालं.

निवृत्तीनंतर

बाळू राजकारणात उतरले. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. १९५५ मध्ये त्यांचं निधन झालं.

प्रथम श्रेणीत बाळूंनी ३३ सामन्यांत १७९ विकेट घेतल्या, सरासरी साधारण १५. या आकड्यांत पूना क्लबच्या नेटमध्ये बाद केलेले साहेब धरलेले नाहीत.