अळंबी, ऊन आणि मुडदूस

औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजारच्या परिसरात हंगामात शिजवलेली हळद उन्हात पसरलेली दिसते. अशा मुलखात कुणाला ऊन कमी पडत असेल, हे पटणे कठीण. पण शंभर वर्षांपूर्वी आपल्याच नाशकात ऊन न मिळाल्यामुळे मुलांची हाडे वाकत होती.

मुडदूस म्हणजे वाढत्या वयात हाडे मऊ राहण्याचा रोग. त्याच्या कारणाविषयी तेव्हा दोन तट होते. १९१९ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी घरात ठेवलेल्या कुत्र्याच्या पिलांना ठरावीक आहार देऊन मुडदूस घडवून आणला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो घालवला. म्हणजे दोष आहाराचा! त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी आजारी मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण सोडले आणि मुले बरी झाली. म्हणजे दोष प्रकाशाचा!

या वादात नाशिकची पाहणी महत्त्वाची ठरली. हचिसन यांनी पटेल आणि शाह या सहकाऱ्यांसह केलेला हा अभ्यास १९२१-२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुडदूस आढळला तो पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांत. उघड्यावर राबणाऱ्या गरिबांची मुले निकृष्ट अन्नावर वाढूनही त्यातून सुटली होती. पुस्तकात 'कुपोषणाचा रोग' असे एका ओळीत शिकवताना हे नाशिक आपण विसरतो.

मग तेल आणि ऊन, दोन्ही उपाय लागू कसे पडतात? १९२४ साली अमेरिकेत स्टीनबॉक आणि हेस यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की काही खाद्यपदार्थांवरच अतिनील किरण सोडले तर ते पदार्थ मुडदुसावर औषध बनतात. पदार्थात काहीतरी आधीच असते आणि किरण त्याचे रूप पालटतात. १९२७ पर्यंत ते 'काहीतरी' सापडले : अर्गोस्टेरॉल. १८८९ मध्ये तांरे या फ्रेंच संशोधकाने ते रायवरच्या अरगट बुरशीतून काढले होते, म्हणून हे नाव. (बाजरीवरचा अरगट आपल्या शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे, ती याच कुळातली बुरशी.) किरण दिलेल्या अर्गोस्टेरॉलपासून १९३१ साली शुद्ध ड-२ जीवनसत्त्व मिळाले. या स्टेरॉलांवरील कामासाठी विंडाउस यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

अळंबी ही बुरशीच; तिच्या पेशींच्या आवरणात अर्गोस्टेरॉल भरपूर असते. आपल्या त्वचेत याच कामासाठी दुसरे एक स्टेरॉल असते आणि त्यापासून ड-३ बनते. भाजीपाल्यात मात्र ड जवळजवळ नसते. म्हणून मासे-अंडी न खाणाऱ्याला अळंबीचे महत्त्व.

पण इथेच गफलत होते. सोयाबीनच्या भुसकटावर धिंगरी अळंबी छान येते, आणि हिंगोलीकडे सोयाबीनला तोटा नाही. मात्र ती वाढते शेडच्या सावलीत. बटण अळंबी तर अंधाऱ्या खोलीतच वाढते. अशा अळंबीत ड नावापुरतेच सापडते. 'अळंबीत ड जीवनसत्त्व असते' हे वाक्य तिच्यापुरते अर्धेच खरे. नाशिकच्या पडद्याआडच्या मुलांसारखीच तिची गत!

उपाय सोपा आहे. तोडलेली अळंबी कापून भर दुपारच्या उन्हात पाव ते अर्धा तास ठेवली, की १०० ग्रॅममध्ये बहुधा १० मायक्रोग्रॅम किंवा अधिक ड-२ तयार होते. ऋतू आणि ढग यांनुसार हा आकडा बदलतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दिवसाला १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६०० एकके, सुचवली आहेत. कापलेली बाजू किंवा खालच्या पडद्या वर केल्या तर किरण अधिक लागतात. काचेआड ठेवून उपयोग नाही, कारण लागणारे किरण काच अडवते. रक्तातली पातळी टिकवण्यात ड-२ हे ड-३ पेक्षा थोडे उणे पडते, तरी कामाचे आहे. शिजवल्यावरही त्यातले बरेचसे उरते. वाळवून साठवलेल्या अळंबीत मात्र ते महिन्यांगणिक घटत जाते.