कायदा आणि नगराची इच्छा : पनवेलच्या नगरशासनाचा एक विचार

नगरपालिका ही नागरिकांनी आपला कारभार आपणच पाहण्यासाठी निर्माण केलेली संस्था होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु तिचा जन्म, तिची मुदत, तिचे उत्पन्न, किंबहुना तिचे नावसुद्धा विधिमंडळाच्या स्वाधीन असते. मग तिचे स्वतःचे असे काय उरते? या प्रश्नाचा विचार करण्यास रायगड जिल्ह्यातील पनवेल हे नगर विशेष सोयीचे आहे. कारण नगरशासनविषयक कायद्यांची जवळजवळ सर्व स्थित्यंतरे त्याने अनुभवली आहेत.

पनवेल बंदर ठाणे जिल्ह्यात मोडत होते, त्या काळी, 1852 साली, तेथे म्युनिसिपालिटी स्थापन झाली. तिला आधारभूत असलेला 1850 चा 26 वा कायदा अनुज्ञापक स्वरूपाचा होता. रहिवाशांनी अर्ज करावा, सरकारने जाहीर सूचना देऊन हरकती ऐकाव्यात, आणि लोकांची इच्छा तशीच आहे अशी खात्री पटल्यावर तो कायदा त्या गावास लागू करावा, अशी त्याची योजना होती. रहिवासी म्हणजे वस्तुतः मूठभर प्रतिष्ठित, आणि कमिशनर सरकारनियुक्त, हे खरेच. तरीही नगराची इच्छा ही संस्थेच्या जन्माची अट होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढील कायद्यांची गती दुहेरी दिसते. लॉर्ड रिपनच्या 1882 च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात 1884 चा कायदा झाला आणि लोकनियुक्त सभासदांना निश्चित स्थान मिळाले. प्रतिनिधित्व वाढले, त्याचबरोबर देखरेखीची कलमेही वाढत गेली. 1965 च्या महाराष्ट्राच्या अधिनियमाने राज्याच्या निरनिराळ्या विभागांतील भिन्न कायदे एकत्र आणले. ‘नगरपरिषद’ हा शब्द त्याच अधिनियमाने रूढ केला. लोकांच्या तोंडी मात्र ‘नगरपालिका’च राहिली. त्यात कर्तव्यांचे आवश्यक आणि स्वेच्छाधीन असे दोन वर्ग पाडले असून, परिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी विशिष्ट कारणांस्तव स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास दिला आहे. मुख्याधिकारी हाही राज्यशासनाचाच सेवक.

द्रव्याच्या बाबतीत हे अवलंबित्व अधिक उघड होते. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात रद्द झाली व तिच्या जागी राज्याचे अनुदान आले. स्वतः वसूल केलेला पैसा आणि मागून मिळालेला पैसा यांची बेरीज सारखी भरली, तरी त्यांपासून येणारे स्वातंत्र्य सारखे नसते. नगराध्यक्षाची निवड थेट लोकांनी करावी की सभासदांनी, हा नियमही 2016, 2020 व 2022 या वर्षी बदलला गेला. अलिबाग, पेण, उरण येथील मतदारांनी हा बदल मागितला होता काय, असा प्रश्न उपस्थित होण्याचे कायद्याच्या दृष्टीने प्रयोजनच नव्हते.

पनवेलच्या बाबतीत याहूनही निर्णायक ठरला तो 1966 चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोकडे त्याअन्वये नवे नगर वसविण्याचे काम आले. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती नगरपरिषदेच्या शेजारी उभ्या राहिल्या. पण त्यांचे नियोजन करणारे मंडळ मतदारांनी निवडलेले नव्हते. ज्या गावांची जमीन गेली त्यांची वेदना 1984 च्या जासई येथील आंदोलनात प्रकट झाली. त्यात पाच जणांना प्राण गमवावे लागले.

1 ऑक्टोबर 2016 रोजी या वसाहती, जुने नगर व 29 गावे मिळून पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. या वेळीही हरकती मागविल्या होत्या. परंतु संविधानाच्या 243-थ या अनुच्छेदाची कसोटी निराळी आहे : लोकसंख्या, घनता, महसूल, बिगरशेती रोजगार, आर्थिक महत्त्व. ‘लोकांची इच्छा’ हे पद तेथे नाही. सिडकोस सेवाशुल्क देत आलेल्या रहिवाशांनी पुढे मालमत्ताकराच्या पूर्वलक्षी आकारणीस जो विरोध केला, त्याचे मूळ या अंतरात शोधावे लागेल. आपण कोणाचे आणि केव्हापासून, हे त्यांना अधिसूचनेने कळले होते.

येथे भाषाभ्यासकास एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. 1993 मध्ये अंमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना संविधानात स्थान दिले. परंतु अधिकार प्रदान करण्याविषयीचे तिचे क्रियापद शक्यतेचे आहे, बंधनाचे नाही. विधानमंडळास ते देता येतील. द्यावेच लागतील असे नाही. पाच वर्षांच्या मुदतीची व वेळेवर निवडणूक घेण्याची भाषा मात्र आज्ञार्थक आहे. तरीही पनवेलच्या पहिल्या निर्वाचित सभागृहाची मुदत जुलै 2022 मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. जेथे शक्यता आहे तेथे राज्य हात राखून ठेवते, आणि जेथे आज्ञा आहे तेथेही ती वेळेवर पाळली जातेच असे नाही.

सर्व नगरांना एक कायदा असणे सोयीचे आहे, आणि स्थानिक सत्ता मूठभरांच्या हाती जाऊ नये म्हणून वरून देखरेखही हवी. 1852 ची म्युनिसिपालिटी आदर्श होती असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. तथापि परकीय राजवटीच्या एका कायद्याने नगरास विचारलेला प्रश्न स्वराज्यातील कायद्यांनी विचारण्याचे सोडून द्यावे, ही गोष्ट नगरशासनाच्या अभ्यासकांनी उपेक्षणीय मानू नये.