किल्लारीला जाणारं खोकं

१ ऑक्टोबर १९९३, शुक्रवार. तू पुण्यात आहेस, तिसरीत आहेस, आणि प्रार्थना संपून बराच वेळ झाला तरी मैदानातल्या ओळी जागच्या हलत नाहीत. मोठ्या बाई माइकपाशी उभ्या आहेत. एरवी त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. आज पहिल्या ओळीतल्या मुलांनासुद्धा कान द्यावा लागतोय.

तुझी झोप अजून पुरी झालेली नाही. परवा अनंत चतुर्दशी होती. बाबांचं बोट धरून तू लक्ष्मी रोडवर मिरवणूक पाहिलीस आणि घरी येऊन आडवी झालीस तरी ढोल कानात चालूच होते. बाहेरही चालूच होते. काल पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना तिकडे किल्लारीला भूकंपाने जमीन हलली, तेव्हा पुण्याची मिरवणूक संपलेली नव्हती. आजी म्हणते, तिची कॉट हलली. तुला काहीच कळलं नाही.

मोठ्या बाई गावांची नावं घेतात. किल्लारी. सास्तूर. तिथल्या मुलांनीही त्याच रात्री गणपती बोळवला होता आणि दमून ती झोपली होती.

वर्गात गेल्यावर पहिला प्रश्न तूच विचारतेस, किल्लारी कुठे आहे? तिसरीच्या भूगोलात फक्त आपला जिल्हा असतो. त्याच्या पलीकडे पुस्तकात पांढरा कागद आहे. मग बाई चौथीच्या वर्गातून महाराष्ट्राचा नकाशा मागवतात आणि खिळ्याला अडकवतात. पट्टी पुण्यावरून निघते, इंदापूर, टेंभुर्णी करत सोलापूरला टेकते आणि तिथून थोडी वर, उजवीकडे सरकते. लातूर जिल्ह्याचा औसा तालुका, उस्मानाबाद जिल्ह्याचा उमरगा तालुका. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. एसटीने गेलं तर आख्खा दिवस, असं बाई म्हणतात, आणि वर्गाला अंतर एकदम कळतं.

दुसरा प्रश्न मागच्या बाकावरून येतो. घरं कशी पडली? बाई फळ्यावर भिंत काढतात, खूप जाड, दोन-अडीच फुटांची. दगडांची, आणि दगडांमध्ये चिखल. वर लाकडाच्या तुळया आणि त्यांच्यावर मातीचा थरावर थर. माळवद म्हणतात त्याला. उन्हाळ्यात घर गार राहतं. दरवर्षी पावसाळ्याआधी वर आणखी माती पडते, म्हणजे दरवर्षी छप्पर आणखी जड होतं.

"पण बाई, जाड भिंत पक्की असते ना?"

बाई थांबतात. मग सांगतात, की दगड एकमेकांना बांधलेले नव्हते, नुसते एकावर एक बसलेले होते. हलल्यावर सुटले आणि वरची सगळी माती खाली आली. गावाबाहेर कुडाच्या झोपडीत राहणारी पुष्कळ माणसं वाचली. हे तुझ्या डोक्यात बसत नाही. मोठ्या घरातली गेली आणि झोपडीतली वाचली, हे बसायला अजून काही वर्षं लागतील. भूकंपाच्या सरकारी नकाशात तो मुलूख सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. वर्षभरापूर्वी, १९९२ मध्ये, किल्लारीला धक्के बसत होते, लोक घाबरून उघड्यावर झोपत होते. धक्के थांबले, लोक पुन्हा घरात गेले. घरं होती तशीच राहिली. मला त्या पडलेल्या भिंतींइतकाच या गोष्टीचा राग येतो.

घरी बाबा पेपर घडी करून फडताळावर वर ठेवतात. तू स्टुलावर चढून तो काढतेस. मरण पावलेल्यांचा आकडा रोज बदलतो. पुढे सरकारी हिशेब आठ हजारांच्या आसपास थांबेल आणि काही नोंदी तो दहा हजारांजवळ नेतील. तुला आकडा दिसतच नाही. फोटोत ढिगाऱ्यावर उभं असलेलं एक दप्तर दिसतं, कापडी, तुझ्यासारखंच.

सोमवारी किल्लारीसाठी शाळेत वस्तू आणायच्या आहेत. शनिवार-रविवार सगळी चाळ कपाटं उपसते. खालच्या मजल्यावरच्या काकू एक गाठोडं तुझ्या हातात देतात. त्यात बिनबटणांचे शर्ट आहेत, पिवळी पडलेली बनियनं आहेत आणि एका पायाची स्लीपर आहे. काकूंच्या मनात वाईट काही नाही. पण असं होतं खरं. कुठलंही संकट आलं की मोठी माणसं आधी नको असलेलं शोधतात, आणि ट्रक भरभरून आलेले जुने कपडे रस्त्याच्या कडेला पावसात भिजत पडतात. बाईंना हे ठाऊक असावं. त्यांनी शुक्रवारीच सांगून ठेवलंय, की जो फ्रॉक घालून तुम्ही स्वतः उद्या शाळेत याल, तोच आणा. दुसरा नको.

तुझ्या आईचा प्रश्न वेगळाच आहे. ती गल्लीतल्या बायकांना विचारते, तांदूळ पाठवताय, ज्वारी पाठवताय, पण दळायला तिथे गिरणी कुठे आहे? शिजवायला चूल कुठे आहे? मग बेत बदलतो. दोन रात्री प्रत्येक घरात तवा तापलेला असतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले शेंगदाणे, गूळ. तू वर्तमानपत्राचे चौकोन कापतेस, ताई पुड्या बांधते.

आणि कंपासपेटी. तुझ्याकडे दोन आहेत. जुनी, जिचं झाकण दाबून बसवावं लागतं, आणि वाढदिवसाची नवी. तू जुनी पिशवीत टाकतेस. रात्री उठून ती बाहेर काढतेस आणि नवी टाकतेस. मग नवीतलं वासाचं खोडरबर काढून घेतेस आणि त्याच्या जागी साधं ठेवतेस. मी तुला त्याबद्दल काही म्हणणार नाही. आठ वर्षांच्या मुलीने आपल्याला हवी असलेली वस्तू देऊन टाकली, यात सगळं आलं.

सोमवारी वर्गात खोकी मांडलेली आहेत. वह्या एकीकडे, पाट्या-पेन्सिली दुसरीकडे. बाई प्रत्येक वही उघडून पाहतात. लिहिलेली पानं फाडून आणलेली वही त्या परत देतात, रागावत नाहीत, नुसती परत देतात. तो मुलगा दुसऱ्या दिवशी कोरी आणतो.

शेवटी पत्रं. प्रत्येकाने एक लिहायचं आणि वह्यांच्या गठ्ठ्यात सरकवायचं. पत्र कसं लिहायचं ते तुला येतं. उजव्या कोपऱ्यात तारीख, मग प्रिय मैत्रिणीस, मग मी इकडे खुशाल आहे. इथेच तू अडतेस. मी खुशाल आहे, हे तिला सांगायचं? तुझं घर कसं आहे, हे बाईंनी विचारायचं नाही म्हणून सांगितलंय. आई काय करते, बाबा काय करतात, हेही नाही. कसंबसं अर्धं पान होतं. शेवटी हाताच्या सवयीने तू लिहितेस, घरच्या सर्वांना माझा नमस्कार सांग.

ते तू वाचतेस आणि पेन्सिल खाली ठेवतेस.

बाई बाकाजवळ येतात. तुझं पत्र वाचतात आणि खूप वेळ काहीच बोलत नाहीत. मग खाली बसून हळू आवाजात विचारतात, "तुझ्या बाकावर ती बसायला आली, तर तू पहिल्यांदा काय बोलशील?" तू विचार करतेस. शेवटची ओळ खोडतेस, आणि लिहितेस की मला सतराचा पाढा येत नाही. सतरा सक्कंला मी दर वेळी चुकते. तुला येतो का?

खोक्याला सुतळी बांधली जाते.

आता जागा बदल. वय तेच ठेव. तू आठ वर्षांची आहेस आणि उमरगा तालुक्यातल्या एका गावात पत्र्याच्या शेडमध्ये राहतेस. भूकंपानंतर पाऊस लागला. पत्र्यावर तो इतका वाजतो की बोललेलं ऐकू येत नाही. एका परीने बरंच, कारण रात्री मोठी माणसं जे बोलतात ते तुला ऐकायचं नसतं. जमीन अजून अधूनमधून गुरगुरते. पत्रा थरथरला की सगळे बाहेर धावतात, आणि पत्रा अंगावर पडला तरी फारसं लागत नाही हे माहीत असूनही धावतात.

पहिले काही दिवस मिलिटरीच्या गाड्या होत्या, डॉक्टर होते, पुढारी होते, कॅमेरे होते. अनोळखी माणसं गुडघ्यावर बसून विचारायची, तुझ्या घरातलं कोण कोण गेलं? तू पाठ झाल्यासारखं सांगायचीस. मग एका दिवशी सांगायचं बंद केलंस. आजी म्हणाली, "पोरगी मुकी झाली की काय."

शाळा लिंबाच्या झाडाखाली भरते. गुरुजींनी कुठून तरी फळा मिळवलाय. ते हजेरी घेत नाहीत. येऊन नुसती डोकी मोजतात, ओठ हलवत, आणि पाटीवर आकडा लिहितात. हजेरीचा कागद त्यांच्या पिशवीत आहे, तुला तो दिसतो. पण नावं पुकारायची म्हणजे जी नावं ओ देणार नाहीत तीही पुकारावी लागतील, आणि गुरुजींना ते अजून जमत नाही.

एका सकाळी सुतळी बांधलेलं खोकं येतं. गुरुजी म्हणतात, "लेकरांनो, ओळीत या." तुझ्या वाट्याला दोन वह्या, एक पाटी आणि एक कंपासपेटी येते, नवी कोरी. झाकण उघडताना टक् असा आवाज होतो. आत कर्कटक, टोक केलेली पेन्सिल आणि साधं खोडरबर आहे, पण डबीला गोड वास कसला येतो ते तुला कळत नाही. वहीतून एक कागद पडतो. तू वाचतेस. शेवटी एक ओळ पेन्सिलीने जोरात गिरगटलेली आहे, कागद तिथे फाटायला आलाय. तिच्या खाली लिहिलंय, सतराचा पाढा तुला येतो का?

तुला तो येतो. तुला एकोणतिसापर्यंत येतात. मोठा भाऊ रोज संध्याकाळी म्हणून घ्यायचा, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तू कागद उलटा करतेस आणि मागे लिहायला लागतेस. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा सक्कं एकशे दोन, याच्याखाली दोन रेघा. बाजूच्या मुलाला ते पाहायचंय, तू हाताने झाकतेस. मग मोठ्याने म्हणतेस. शेजारची तिघं-चौघं तुझ्या मागून म्हणतात. गुरुजी वळून बघतात, कारण हा आवाज त्यांनी बरेच दिवस ऐकलेला नाही.

इतके दिवस सगळे तुला देत होते. दूध, ब्लँकेट, बिस्किटं, इंजेक्शन. घ्यावंच लागत होतं, आणि तू घेतही होतीस. आज पहिल्यांदा कुणाला तरी तुझ्याकडून काही हवंय. मला विचाराल तर त्या खोक्यातली सगळ्यात उपयोगाची वस्तू तो प्रश्न होता, आणि तो पाठवणाऱ्या मुलीला याचा पत्ताही नव्हता.

पुढची वर्षं भराभर जातात, निदान कागदावर. पूर्ण पडलेली ५२ गावं नव्या जागी वसवली जातात, जागतिक बँकेच्या कर्जाचा पैसा येतो. घराचं माप जमिनीवर ठरतं. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, सात हेक्टरांच्या वर असणाऱ्यांना ७५०. रस्ते सरळ, घरं लांब लांब. आजीला शेजारणीकडे मिरची मागायला जायचं तर चालत जावं लागतं, आणि ती त्यावर रोज बोलते. तुझ्या वर्गातली काही मुलं पुण्याला जातात. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी तिकडे नेली. काही जवळच नळदुर्गला, पन्नालाल सुराणांच्या 'आपलं घर'मध्ये राहतात. पेपरात किल्लारी दर ३० सप्टेंबरला येते. बाकी वर्षभर मुलांच्या फिया, गणवेश, आजारपणं आणि रात्री दचकून उठणं हे ज्यांनी पाहिलं, त्यांची नावं फार थोड्यांना ठाऊक आहेत.

२६ जानेवारी २००१. तू दहावीत आहेस. नव्या गावातल्या नव्या शाळेत झेंडावंदन आटोपून जिलेबी खाऊन तू घरी येतेस आणि टीव्हीवर कच्छ दिसतं. भूज, भचाऊ, अंजार. पावणेनऊच्या सुमारास जमीन हलली. अंजारला प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली मुलं अरुंद गल्लीत होती, दोन्हीकडची घरं त्यांच्यावर कोसळली. शंभराहून जास्त मुलं गेली. आजी उठून टीव्ही बंद करते. तू तो पुन्हा लावतेस.

तुमच्याच भागातल्या बायका पुढे कच्छला जाणार आहेत. स्वतः पुन्हा घरं उभी केलेल्या बायका, तिथल्या बायकांना ती कशी उभी करायची हे सांगायला. पण ते नंतर. आत्ता शाळेत खोकी मांडली गेली आहेत आणि सर कपड्यांची यादी करताहेत. तू दहावीची, बोर्डाच्या परीक्षेला महिना राहिलाय, तरी तू जाऊन यादी हातातून घेतेस. कपडे नकोत, सर. टॉर्च आणि सेल लिहा. रात्री बाहेर धावताना दिसत नाही. प्लास्टिकचे कागद लिहा. बायकांना लागणाऱ्या वस्तू लिहा, त्या कुणी मागत नाही. कोऱ्या वह्या, पण आखलेल्या, मराठी पुस्तकं नकोत. सर मान वर न करता लिहीत जातात.

मग लहान मुलांची पत्रं. ती दुसरी-तिसरीतली, भूकंपाच्या आसपास जन्मलेली, त्यांनी भूकंप फक्त ऐकलाय. त्यांना हिंदी येत नाही, म्हणून ती मराठीत सांगतात आणि तू हिंदीत लिहितेस. एक जण सांगतो, लिही की घाबरू नका. तू लिहीत नाहीस. म्हणतेस, तुला काय येत नाही ते सांग, ते आपण त्यांना विचारू.

तो बराच विचार करतो. मग विचारतो, "गुजरातीत पाढे वेगळे असतात का गं ताई?"

तुला माहीत नाही. सरांनाही माहीत नाही.

तू कागद पुढे ओढतेस आणि तेच लिहायला घेतेस.