फेशिया व सॉफिट

उतरत्या छपराच्या वळचणीची दर्शनी कड व खालची बाजू झाकणाऱ्या फळ्या. वाशांच्या टोकांवर उभी ठोकतात ती फेशिया. तिच्यापासून भिंतीपर्यंत आडवी बसवतात ती सॉफिट.

व्युत्पत्ती : ‘फेशिया’चे मूळ लॅटिन असून अर्थ ‘पट्टी’, ‘सॉफिट’चे मूळ इटालियन, अर्थ ‘छत’. रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हिअस याने आयोनिक स्तंभांवरील तुळईच्या तीन पट्ट्यांना फेशिया म्हटले आहे (पहा : स्तंभरचना).

रचना व बसवणी : वाशांची टोके दोरी लावून एका रेषेत कापतात. लाकडी फळ्यांना सर्व बाजूंनी अस्तररंग देऊन त्या न गंजणाऱ्या खिळ्यांनी ठोकतात. सांधा वाशाच्या टोकावरच घेतात. पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या फळ्या उष्णतेने प्रसरण पावत असल्याने सांध्यात फट राखतात. पन्हळ फेशियावर टांगतात (पहा : पन्हळ). ब्रिटनमध्ये १५ अंशांहून अधिक उताराच्या थंड छपराच्या (उष्णतारोधक थर माळ्याच्या तळाशी असलेल्या) वळचणीला सलग १० मिमी. फटीइतके वायुवीजन ठेवण्याची पद्धत आहे. फटीस कीटकरोधक जाळी लावतात.

देखभाल : पन्हळ साफ ठेवणे, ठरावीक काळाने रंगवणे व कुजका भाग बदलणे आवश्यक असते. ब्रिटनमधील जुन्या सॉफिटमध्ये ॲस्बेस्टॉस आढळते. तेथे त्याच्या वापरावर १९९९ मध्ये संपूर्ण बंदी आली (पहा : ॲस्बेस्टॉस).

महत्त्व : या फळ्या वाशांचे पावसापासून आणि माळ्याचे पक्षी व कीटकांपासून रक्षण करतात, वायुवीजनामुळे माळ्यावर दव साचत नाही. कोकणातील कौलारू घरांची वळचण बहुधा खालून उघडी असते (पहा : कौल, वळचण).