मधमाशी शिकते कशी? साखरपाणी आणि निळ्या कागदाचा प्रयोग

प्राणी कसे शिकतात हे समजावताना वर्गात बहुतेक वेळा पावलोव्हच्या कुत्र्याचे चित्र दाखवले जाते. प्रत्यक्ष शिकणारा प्राणी मात्र शाळेच्या कुंपणावरच्या फुलांवर सापडतो. तो म्हणजे मधमाशी. तिच्या मेंदूत सुमारे १० लाख चेतापेशी असतात, माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी. तरीही ती रंग, वास, जागा आणि वेळ लक्षात ठेवते. कापूस बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या खामगावसारख्या गावातल्या शाळेलाही हे फारसा खर्च न करता तपासून पाहता येते.

हा प्रयोग मुळात कोणाचा?

ऑस्ट्रियात जन्मलेले शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांचा. मधमाश्यांना रंग दिसतात, हे त्यांनी १९१४ साली दाखवून दिले. त्यांनी मधमाश्यांना निळ्या कागदावर साखरपाणी दिले आणि नंतर तो कागद फिक्या-गडद करड्या कागदांमध्ये ठेवला. खाऊ नसतानाही माश्या निळ्यावरच उतरल्या. मधमाश्यांच्या संशोधनासाठी १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

प्रयोग कसा करायचा?

१. एक कप पाण्यात एक कप साखर विरघळवा. मध वापरू नका, त्याच्या वासाने माश्यांची झुंबड उडते.

२. माश्या येत असलेल्या फुलांजवळ निळा कागद ठेवा आणि त्यावर साखरपाण्याची बशी ठेवा. लाल कागद नको, कारण मधमाशीला लाल रंग दिसत नाही.

३. माशी पोट भरून जाते आणि काही मिनिटांनी परत येते. तिला बऱ्याच फेऱ्या करू द्या.

४. आता चाचणी. नवा निळा कागद आणि वेगवेगळ्या छटांचे करडे कागद मांडा. सगळ्यांवर धुतलेल्या, रिकाम्या बश्या ठेवा. निळ्या कागदाची जागा बदला.

५. पाच मिनिटांत कोणत्या कागदावर किती माश्या उतरल्या, ते मोजून तक्त्यात लिहा.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची. जुनाच कागद ठेवला, तर माशी वासाने आली असेल. जागा तीच ठेवली, तर तिला रंगाऐवजी जागा आठवत असेल. करडे कागद नसतील, तर तिने रंग ओळखला की फक्त फिकेपणा, हे सांगता येणार नाही. या शक्यता एकेक करून बाद केल्यावरच ‘ती रंग शिकली’ असे म्हणता येते.

हे कोणत्या प्रकारचे शिकणे?

माशी स्वतः उडून येते आणि तिला बक्षीस मिळते, म्हणून हे साधक अभिसंधान. प्रयोगशाळेत दुसरी पद्धत वापरतात. माशीला अलगद अडकवून एक वास देतात आणि लगेच तिच्या स्पर्शिकेला साखरपाणी लावतात. माशी सोंड बाहेर काढते. काही वेळा असे केल्यावर ती नुसत्या वासानेही सोंड काढते. हे पावलोव्हच्या कुत्र्यासारखे अभिजात अभिसंधान.

मुलांना हे खरेच जमते का?

इंग्लंडमधील ब्लॅकॉटन गावातील ८ ते १० वर्षांच्या मुलांनी भुंगेमाश्यांवर असाच प्रयोग केला. त्यांचा शोधनिबंध डिसेंबर २०१० मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रातही माश्यांच्या शिकण्यावर संशोधन झाले आहे. भीमाशंकरच्या जंगलात रात्री उडणारे सुतार भुंगे घरट्याजवळच्या खुणांचे रंग चांदण्यांच्या उजेडातही शिकतात, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

शेतीशी याचा काय संबंध?

एका फेरीत मधमाशी सहसा एकाच जातीच्या फुलांवर जाते, कारण त्या फुलाचा रंग आणि वास तिने शिकलेला असतो. त्यामुळेच पराग योग्य फुलापर्यंत पोचतात. सूर्यफूल आणि कांद्याच्या बीजोत्पादनाला याचा मोठा आधार असतो.

कापसाच्या बियाण्याला लावली जाणारी इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झामसारखी औषधे माशीच्या चेतासंस्थेवर काम करतात. फ्रान्समधील २०१२ च्या अभ्यासात थायमेथोक्झामचा मारक नसलेला डोस दिलेल्या अनेक माश्या पोळ्यापर्यंत परतल्या नाहीत. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या औषधांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली. म्हणजे माशी मेली नाही, तरी तिची वाट चुकू शकते. फुलोऱ्यात फवारणी टाळावी आणि करावीच लागली तर संध्याकाळी माश्या परतल्यावर करावी, असे सांगतात ते यासाठीच.

काळजी काय घ्यायची?

- आग्या मोहोळाच्या आसपास हा प्रयोग कधीही करू नका. या माश्या थव्याने हल्ला करतात.
- ज्यांना डंखाची अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी लांब राहावे. शिक्षक सोबत हवेतच.
- माश्यांना हाताने हाकलू नका, अंगाला अत्तर लावू नका.
- डंख झाल्यावर श्वास लागला, चेहरा सुजला किंवा चक्कर आली, तर लगेच दवाखाना गाठा.
- काम झाल्यावर बश्या धुऊन ठेवा. उघडे साखरपाणी तसेच सोडू नका.