दहशतवाद: शब्दाचा इतिहास, उपनगरांतील स्फोट आणि अपुरा न्याय

घाटकोपर, विलेपार्ले, मुलुंड, जोगेश्वरी, बोरिवली ही नावे मुंबईकरांना लोकलच्या इंडिकेटरवरून पाठ आहेत. बॉम्बस्फोटांच्या खटल्यांतही हीच नावे येतात. २००६ च्या रेल्वे स्फोटांनंतर जन्मलेली आपली मुले आता कॉलेजात आहेत. त्यांना दहशतवाद माहीत आहे तो बातम्यांतून, चित्रपटांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातून. त्यामुळे हा शब्द कुठून आला, कोणी कोणासाठी वापरला आणि आपल्या भागात प्रत्यक्षात काय घडले, याची एकत्र माहिती असावी म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच व्याख्या स्पष्ट करू. राजकीय किंवा धार्मिक हेतूसाठी नि:शस्त्र माणसांवर मुद्दाम हल्ला करून, वाचलेल्यांच्या मनात भीती बसवणे, या अर्थाने आम्ही 'दहशतवाद' हा शब्द वापरतो. ही व्याख्या कृत्याची आहे. कृत्य करणाऱ्याचा धर्म, जात किंवा पक्ष तिच्यात येत नाही. हे का महत्त्वाचे, ते पुढे दिसेल.

शब्द प्रथम सरकारसाठी वापरला गेला

'दहशत' हा फारसीतून मराठीत रुळलेला शब्द. 'दहशतवाद' हा मात्र युरोपातल्या शब्दाचा पर्याय म्हणून आला. तो मूळ शब्द जन्मला फ्रेंच राज्यक्रांतीत. १७९३-९४ मध्ये रोबेस्पिअर आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या सरकारने क्रांतीचे शत्रू ठरवून सुमारे १७ हजार लोकांना रीतसर मृत्युदंड दिले. दहशत हे राज्य चालवण्याचे साधन आहे, असे हे सरकार उघडपणे मांडत होते. जुलै १७९४ मध्ये रोबेस्पिअरलाच गिलोटिनवर चढवल्यानंतर विरोधकांनी त्याच्या साथीदारांना 'दहशतवादी' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे हा शब्द आधी सत्तेच्या हिंसेसाठी होता. सत्तेविरुद्धच्या हिंसेला तो नंतर चिकटला.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी बदलल्या. आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले आणि मूठभर माणसांच्या हाती मोठा स्फोट घडवण्याची ताकद आली. दुसरीकडे तारायंत्र आणि स्वस्त वर्तमानपत्रे यांमुळे एका शहरातल्या स्फोटाची बातमी दुसऱ्या दिवशी अनेक देशांत पोहोचू लागली. रशियातील 'नरोदनाया वोल्या' या गुप्त संघटनेने १८८१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरला बॉम्बने मारले. गुप्त गट, स्फोटके आणि प्रसिद्धी या तिन्हींचा मेळ इथे बसला. आधुनिक दहशतवादाची सुरुवात अनेक अभ्यासक इथूनच मोजतात.

महाराष्ट्रातील धागा

हे तंत्र महाराष्ट्रातही पोहोचले. २२ जून १८९७ रोजी पुण्यात चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून मिळालेली बॉम्ब बनवण्याची माहिती सेनापती बापट यांनी १९०८ मध्ये भारतात आणली. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची अनंत कान्हेरे यांनी हत्या केली. इंग्रज सरकारने अशांना दहशतवादी म्हटले, आपण क्रांतिकारक म्हणतो. त्यांचे लक्ष्य सत्तेतले ठराविक अधिकारी होते, वाटेवरची गर्दी नव्हे, हा फरक खरा आहे. पण बॉम्ब माणूस ओळखत नाही हेही तेव्हाच दिसले. १९०८ मध्ये मुझफ्फरपूरला न्यायाधीश किंग्जफोर्डसाठी फेकलेल्या बॉम्बने दोन निरपराध स्त्रियांचा जीव घेतला.

सरकारने उत्तर दिले कायद्याने. १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा आजही लागू आहे. १९१९ च्या रौलेट कायद्याने खटल्याविना डांबून ठेवण्याची मुभा दिली. त्याविरुद्धच्या असंतोषातच १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत नि:शस्त्र जमावावर सरकारनेच गोळीबार केला. आधी हिंसा, मग कठोर कायदा, मग कायद्याचा गैरवापर ही साखळी तेव्हापासूनची आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत यावर स्पष्ट भूमिका घेतली. घटनात्मक मार्ग खुले असताना रक्तरंजित मार्ग सोडून द्यावा, असे त्यांनी सांगितले. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करतानाही त्यांचा भर याच मुद्द्यावर होता: बळाने लादलेले परिवर्तन बळ असेपर्यंतच टिकते, माणसाचे मन बदलले तरच ते कायम राहते.

गर्दी लक्ष्य झाली

१९६० नंतर दहशतवादाचे लक्ष्य बदलले. १९६८ पासून पॅलेस्टिनी गटांनी विमान अपहरणे सुरू केली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील हल्ला जगाने टीव्हीवर पाहिला. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानात खलिस्तानवाद्यांनी ठेवलेल्या बॉम्बने ३२९ जण मारले गेले. श्रीलंकेतील 'एलटीटीई'ने आत्मघाती हल्ल्यांचे तंत्र वाढवले आणि त्यातच २१ मे १९९१ रोजी राजीव गांधींची हत्या झाली. अफगाणिस्तानातल्या युद्धातून शस्त्रे, पैसा आणि प्रशिक्षित माणसे दक्षिण आशियात पसरली. शेजारी देशाच्या यंत्रणांचे पाठबळ हा पुढे मुंबईवरील हल्ल्यांतला मोठा भाग ठरला.

मुंबईत याची सुरुवात १२ मार्च १९९३ रोजी झाली. बाबरी मशीद पाडल्यानंतर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शहरात दंगली झाल्या. त्यांत सुमारे ९०० माणसे मेली. जोगेश्वरीची राधाबाई चाळ याच दंगलीत जळाली. त्यानंतर १२ ठिकाणी झालेल्या साखळी स्फोटांत २५७ जण मृत्युमुखी पडले. स्फोटांच्या खटल्यात १०० जणांना दोषी ठरवले गेले, ते योग्यच झाले. दंगलींची चौकशी न्या. श्रीकृष्ण आयोगाने केली, पण दंगलींसाठी शिक्षा झालेल्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी आहे. दोन्हीकडे मेलेली माणसे नि:शस्त्रच होती. एका हिंसेला 'दहशतवाद' हे नाव मिळाले आणि दुसरीला मिळाले नाही, म्हणून न्यायाचे मापही वेगळे झाले.

उपनगरांतील घटना

२ डिसेंबर २००२: घाटकोपर स्थानकाबाहेर बेस्टच्या बसमध्ये स्फोट, दोघांचा मृत्यू.

२७ जानेवारी २००३: विलेपार्ले स्थानकाबाहेर स्फोट.

१३ मार्च २००३: मुलुंड स्थानकात लोकलमध्ये स्फोट. घरी परतणारे दहाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी.

२८ जुलै २००३: घाटकोपरमध्ये पुन्हा बेस्टच्या बसमध्ये स्फोट.

११ जुलै २००६: पश्चिम रेल्वेवर संध्याकाळच्या गर्दीत ११ मिनिटांत सात स्फोट. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड परिसरातील या स्फोटांत १८० हून अधिक मृत्यू, ८०० हून अधिक जखमी.

२६ नोव्हेंबर २००८: दक्षिण मुंबईवरील हल्ल्याच्या रात्री विलेपार्ल्यात एका टॅक्सीत स्फोट. त्या हल्ल्यात एकूण १६६ जणांचा बळी गेला.

बस आणि लोकल निवडण्याचे कारण सरळ आहे. तिथे तपासणी जवळजवळ अशक्य असते, गर्दी ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येते आणि दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात चढण्यावाचून नोकरदाराला पर्याय नसतो. भीती रोजच्या प्रवासात मिसळावी, हाच हेतू असतो. डब्यात मात्र सर्व जातिधर्मांचे लोक एकमेकांना खेटून उभे असतात.

कायदे कडक, न्याय अपुरा

भारताने १९८५ मध्ये 'टाडा' आणला, गैरवापराच्या तक्रारींमुळे तो १९९५ मध्ये संपू दिला. २००२ मध्ये 'पोटा' आला, २००४ मध्ये रद्द झाला. त्यातल्या अनेक तरतुदी १९६७ च्या 'यूएपीए'मध्ये घालण्यात आल्या. २००८ मध्ये तो आणखी कडक झाला आणि २०१९ पासून संघटनेप्रमाणेच एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करता येते. महाराष्ट्रात याशिवाय १९९९ चा 'मकोका' आहे. संयुक्त राष्ट्रांना आजही सर्वमान्य व्याख्या करता आलेली नाही. शब्द जितका सैल, तितका तो कोणावरही चिकटवणे सोपे. भीमा-कोरेगाव प्रकरणात कवी, वकील, प्राध्यापक याच कायद्याखाली वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले आणि फादर स्टॅन स्वामी यांचा ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच मृत्यू झाला.

आता स्फोटांचे खटले पाहा. काहींत न्याय झाला. १९९३ चा खटला, २६/११ मधील कसाबचा खटला आणि २००२-०३ च्या मुंबई सेंट्रल, विलेपार्ले व मुलुंड स्फोटांचा खटला पुराव्यावर उभे राहिले आणि दोषींना शिक्षा झाली.

पण घाटकोपरच्या पहिल्या स्फोटात अटक झालेला परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस कोठडीतूनच नाहीसा झाला. तो पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. तो कोठडीत मेला, असे सीआयडी तपासात निष्पन्न झाले. या प्रकरणात पोलिसांवर खटला भरला गेला आणि तो दोन दशके रेंगाळला. स्फोटाच्या खटल्यातील उरलेले आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले.

२००६ च्या रेल्वे स्फोटांत विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवले आणि त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पुरावे न टिकल्याने बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यांतला एक जण तोवर कैदेतच मेला होता. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. दहाच दिवसांनी, ३१ जुलै २०२५ रोजी, मालेगावच्या २००८ च्या स्फोटातील सातही आरोपी विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. मालेगावच्याच २००६ च्या स्फोटात आधी पकडलेले मुस्लिम तरुण २०१६ मध्ये दोषमुक्त झाले होते.

एका खटल्यात आरोपी मुस्लिम होते, दुसऱ्यात हिंदू. एका निकालावर एका बाजूने आनंद झाला, दुसऱ्यावर दुसऱ्या बाजूने. बोरिवली-जोगेश्वरीच्या आणि मालेगावच्या मृतांच्या घरांतला प्रश्न मात्र एकच राहिला: आमच्या माणसाला मारले कोणी? चुकीचा माणूस पकडला की खरा गुन्हेगार सुटतो. म्हणून आरोपीचे हक्क जपणे ही पीडितांच्याच हिताची गोष्ट आहे.

कर्माने, जन्माने नव्हे

कोणत्याही समाजाने आपले हात स्वच्छ असल्याचा दावा करू नये. ७ जुलै २०१३ रोजी बोधगयेच्या महाबोधी विहारात बॉम्बस्फोट झाले, तेव्हा आपण पीडितांच्या बाजूला होतो. पण २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडणारा 'ओम शिनरिक्यो' पंथ बौद्ध परिभाषाच वापरत होता. म्यानमारमध्ये मुस्लिमांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्यांत चीवरधारीही होते. त्यावरून कोणी सर्व बौद्धांना हिंसक म्हटले तर आपण ते मान्य करणार नाही. मग तोच न्याय इतरांनाही लावला पाहिजे. माणूस जन्माने नीच किंवा श्रेष्ठ ठरत नाही, कर्माने ठरतो, ही तथागतांची शिकवण इथे शब्दश: लागू होते.

व्यवहारातल्या तीन गोष्टी वस्तीत प्रत्येकाला माहीत असाव्यात. रेल्वेतील दहशतवादी हल्ल्यात मृत्यू किंवा दुखापत झाली, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. त्यासाठी अर्ज एका वर्षाच्या आत करावा लागतो. अटक झालेल्या कोणालाही २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे आणि वकिलाला भेटू देणे बंधनकारक आहे, आरोप कोणताही असो. आणि स्फोटानंतर एखाद्या समाजाचे नाव घेऊन आलेला मजकूर पुढे पाठवण्याआधी थांबावे. भीती पसरवणे हे हल्लेखोराचे काम असते, ते आपण त्याच्यासाठी करू नये.